सेवेची विद्या

दीनदुबळ्या माणसाला साहाय्य करावयाचे, तर त्यासाठी काय लागते? दयाळू अंतःकरण आणि सढळ हात, असे उत्तर कोणीही चटकन देईल. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील पुष्कळ सज्जनांचीही हीच समजूत होती. परंतु दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर ती कित्येकदा उपकाराऐवजी अपकार करून बसते. म्हणून सेवा हीसुद्धा शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या आहे, ही गोष्ट लोकांना पटवून देण्यासाठी ज्या थोर स्त्रीने आपले आयुष्य वेचले, तिचे नाव मेरी रिचमंड.

मेरीचा जन्म ५ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बेलव्हिल या गावी झाला. ती अगदी लहान असतानाच तिची आई क्षयाने दगावली. तेव्हा आजीने आणि मावश्यांनी तिला बाल्टिमोर शहरी आणून वाढविले. घरची परिस्थिती बेताचीच होती. आजी भाडेकरूंच्या राहण्याजेवणाची सोय करून संसार चालवीत असे. मात्र विचारांची श्रीमंती त्या घरात मोठी होती. स्त्रियांना मताचा अधिकार असावा की नाही, अशा प्रश्नांवर तेथे मोकळेपणाने चर्चा चाले आणि लहानगी मेरी ती कान देऊन ऐके. त्या काळच्या शाळांवर आजीचा फारसा विश्वास नव्हता. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मेरीचे शिक्षण घरीच झाले.

१८७८ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, मेरीने शालेय शिक्षण पूर्ण केले. महाविद्यालयात जाण्याइतका पैसा जवळ नव्हता. उदरनिर्वाहासाठी ती मावशीबरोबर न्यूयॉर्कला गेली. थोड्याच दिवसांत मावशीला प्रकृतीच्या कारणाने घरी परतावे लागले आणि त्या अफाट शहरात ही कोवळी मुलगी एकटी राहिली. दिवसभर काबाडकष्ट, तुटपुंजी मिळकत आणि त्यातच हिवताप! दोन वर्षांनी ती बाल्टिमोरला परतली आणि हिशेबनिसाचे काम करू लागली. दारिद्र्य आणि एकटेपणा म्हणजे काय, याचा पाठ तिला पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

१८८९ साली मेरीने एक जाहिरात वाचली. बाल्टिमोर येथील ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ या धर्मादाय संस्थेला सहायक खजिनदार हवा होता. मेरीने अर्ज केला आणि ती जागा तिला मिळाली. तेथे तिची कर्तबगारी अशी दिसून आली की, अवघ्या दोन वर्षांत त्या संस्थेचे प्रमुख चिटणीसपद तिच्याकडे आले. पूर्वी हे पद उच्चविद्याविभूषित पुरुषांकडे असे. आता पदवी नसलेली एक तरुण स्त्री त्या खुर्चीवर बसली.

चिटणीस झाल्यावरही मेरीबाई केवळ कचेरीत बसून राहिल्या नाहीत. त्या स्वतः गरिबांच्या घरी जात. संस्थेचे स्वयंसेवकही असेच घरोघर जात. त्यांची मने चांगली होती, परंतु काय पाहावे, काय विचारावे आणि मग काय करावे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. समजा, एखाद्या घरातील कर्ता पुरुष कामावर जात नाही. एक जण त्याला आळशी म्हणून दोष देईल, तर दुसरा कनवाळूपणे चार पैसे देऊन निघून जाईल. परंतु त्या माणसाच्या छातीत क्षयाने घर केले असेल, तर दोघांच्याही येण्याने त्याचे काय भले झाले? पैसे चार दिवसांत संपतील, दुखणे बळावेल, ते घरातील मुलांनाही जडेल आणि थोरल्या मुलाला शाळा सोडून मजुरीला जावे लागेल. एका प्रश्नाचा छडा वेळीच न लागल्याने सारे कुटुंब रसातळाला जाईल.

हे टाळावयाचे कसे? वैद्याला आपण शिकल्यावाचून औषध देऊ देत नाही. मग मोडलेला संसार सावरणाऱ्यानेच अशिक्षित का असावे? १८९७ साली टोरांटो शहरी भरलेल्या परिषदेत मेरीबाईंनी सेवाकार्याच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यालय असावे, अशी मागणी केली. ती वाया गेली नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग सुरू झाला. १९०४ पर्यंत त्याचे एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे विद्यालय झाले. मेरीबाईंनी स्वतः तेथे अध्यापन केले. पुढे हेच विद्यालय कोलंबिया विद्यापीठाचा भाग बनले.

१९०० साली मेरीबाई फिलाडेल्फियाच्या संस्थेत आणि १९०९ साली न्यूयॉर्कच्या ‘रसेल सेज फाउंडेशन’मध्ये गेल्या. आपली पद्धत समजावून देण्यासाठी त्यांनी १९०१ साली एक आकृती मांडली होती. तिच्या मध्यभागी कुटुंब होते आणि त्याच्याभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळे होती. पहिल्यात त्या कुटुंबाचे नातलग व स्नेही, नंतरच्यात शेजार, मग शाळा व दवाखाने, त्यापलीकडे धर्मादाय संस्था आणि सर्वांत बाहेर सरकारी मदत. आधी जवळच्या वर्तुळातील आधार शोधावा आणि मग बाहेर पाहावे, हा तिचा अर्थ.

देशातील निरनिराळ्या संस्थांच्या नोंदवह्या त्यांनी अनेक वर्षे बारकाईने अभ्यासल्या. त्यातून १९१७ साली त्यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ सिद्ध झाला. वैद्य जसा आधी रोगाचे निदान करतो, तसे समाजसेवकाने आधी अडचणीचे निदान करावे, हे त्याचे सार. माणसाशी शांतपणे बोलावे. घरच्यांना, शिक्षकांना, डॉक्टरांना आणि मालकांना भेटावे. ऐकलेली गोष्ट आणि पडताळलेली गोष्ट यांतील फरक ओळखावा. सर्व नोंदून ठेवावे आणि मगच उपाय योजावा. प्रत्येक माणूस वेगळा, म्हणून प्रत्येकाचा उपायही वेगळा.

१९२१ साली स्मिथ महाविद्यालयाने मेरीबाईंना सन्मानाची एम. ए. पदवी दिली. पैशाअभावी जिला महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती, तिचा असा गौरव झाला! पुढील वर्षी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांचे उदाहरण दिले. अंध आणि बधिर हेलनच्या वाट्याला दया पुष्कळ आली होती. परंतु तिच्या अंगच्या शक्ती ओळखून त्या जागविल्या त्या या शिक्षिकेने. खरी मदत ती हीच, असे मेरीबाई मानीत.

काही विचारवंतांना मेरीबाईंची पद्धत अपुरी वाटे. एकेका कुटुंबाकडे किती पाहणार, मूळ परिस्थितीच पालटली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यातही तथ्य होते आणि मेरीबाई स्वतः बालमजुरीविरुद्धच्या प्रयत्नांतही सहभागी झाल्या होत्या. परंतु परिस्थिती पालटेपर्यंत दारी आलेल्या माणसाला परत पाठविता येत नाही, हेही तितकेच खरे.

१२ सप्टेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे मेरीबाईंचे देहावसान झाले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९३६ साली, मुंबईच्या नागपाडा भागात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय निघाले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय. आज ते ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ या नावाने ओळखले जाते.

आजही रुग्णालयात, न्यायालयात किंवा बालगृहात एखादा समाजसेवक हातात वही घेऊन एका दुःखी माणसासमोर बसलेला दिसतो. तो घाईने दोष देत नाही आणि घाईने दानही देत नाही. तो आधी ऐकतो. ऐकण्याची ही विद्या जगाला शिकविणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या एका खोलीत तापाने फणफणलेली ती एकाकी मुलगी अग्रभागी होती.