काचपात्रातील पाणी निर्मळ राखणारा रसायनज्ञ

घरात फिश टँक आला की पाठोपाठ फिल्टर येतो आणि तो केवढा असावा याविषयीचा सल्ला दुकानागणिक बदलतो. पाणी न बदलता काचेच्या पात्रात मासे जगवून दाखविणारे रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्यापाशी मात्र फिल्टर नव्हता. त्या काळी घरात वीजही नव्हती.

वॉरिंग्टन यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या शिअरनेस येथे झाला. पंधराव्या वर्षी ते एका रसायनज्ञाच्या घरगुती प्रयोगशाळेत उमेदवारीस लागले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात साहाय्यक, त्यानंतर एका मोठ्या बीअर कारखान्यात रसायनज्ञ आणि १८४२ पासून औषधविक्रेत्यांच्या ‘सोसायटी ऑफ अपोथिकरीज’ या संस्थेत रसायनज्ञ, असा त्यांचा प्रवास झाला. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली तीही मुख्यतः त्यांच्याच खटपटीमुळे. दिवसभर औषधांची शुद्धता तपासणाऱ्या या गृहस्थाचे नाव आज घेतले जाते ते दोन माशांमुळे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच ठाऊक झाले होते. मग प्राणी आणि वनस्पती एकाच बंदिस्त पाण्यात एकमेकांना तारू शकतील काय, हा वॉरिंग्टन यांचा प्रश्न होता. १८४९ साली त्यांनी सुमारे १२ गॅलन, म्हणजे अंदाजे ५४ लिटर मावेल अशा काचपात्रात वाळू व चिखलाचा थर दिला, काही दगड ठेवले, लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. प्रारंभी सारे सुरळीत चालले. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला आणि माशांचे प्राण धोक्यात आले. एखाद्याने पाणी ओतून दिले असते. वॉरिंग्टन यांनी तळ्यातील पाच-सहा गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, पाणी पुन्हा नितळ झाले आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. १८५० साली हे निष्कर्ष केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला असल्याने पेट्या स्वस्त झाल्या होत्या. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि मत्स्यपेटीचे वेड घरोघर पसरले.

गोगलगाय कचरा खाते, पण तिची व माशांची विष्ठा पाण्यातच राहते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो थोडाही साठला तरी मासे मरतात. वॉरिंग्टन यांच्या पात्रात तो कोठे नाहीसा होत होता, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. १८६७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, श्लोसिंग व म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी सांडपाणी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून झिरपू दिले. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही. नंतर अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. अर्थात काम वाळूचे नव्हते, वाळूच्या कणांवर वस्ती केलेल्या जिवाणूंचे होते. हाच धागा रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्याने पुढे नेला त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि तो या रसायनज्ञाचाच पुत्र! अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट अशा दोन पायऱ्या त्याने दाखविल्या. ते जिवाणू वेगळे करण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते श्रेय १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांना लाभले.

फिल्टरचे माप ठरवायचे ते या पितापुत्रांच्या कामावरून. मासे मोजके, झाडे भरपूर आणि खाद्य बेताचे असेल, तर तळाची वाळू व एक साधा स्पंज पुरतो. दिवाणखान्याच्या शोभेसाठी मासे दाटीवाटीने भरले, की जिवाणूंना वस्तीसाठी जागा अधिक लागते आणि फिल्टर मोठा घ्यावा लागतो. नव्या पेटीत कितीही महागडा फिल्टर बसविला तरी ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे जातात. पहिल्याच महिन्यात मासे दगावतात ते बहुधा यामुळे. क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याखाली स्पंज खळखळून धुतला तरी हाच घात होतो. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी असो वा पुण्यातील सदनिकेत, वीज काही तास गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी गुदमरतात. वॉरिंग्टन यांच्या पात्रातील वाळूला त्याची धास्ती नव्हती, कारण तेथे मासे दोनच होते.