ना. म. जोशी आणि आष्टीचा ऊसतोड कामगार

दिवाळी सरली की आष्टी तालुक्यातील अनेक कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी साखर कारखान्यांची वाट धरतात. कामगार चळवळीच्या चर्चेत त्यांची आठवण क्वचितच होते. त्या चळवळीला कायद्याचे अधिष्ठान मिळवून देणारे नारायण मल्हार जोशी हेही आज मुंबईच्या गिरणगावातील एका रस्त्याच्या नावापुरतेच उरले आहेत.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे ५ जून १८७९ रोजी जन्मलेले जोशी आरंभी शिक्षक होते. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविताना केवळ सेवेने मजुराचे दैन्य फिटत नाही, त्याला संघटनेचे बळ हवे, हे त्यांनी ओळखले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकचे ते एक संस्थापक होते.

१९१९ च्या सुधारणांनी देशाला मर्यादित लोकशाही दिली; पण मताधिकार मालमत्ता व कर यांवर बेतलेला असल्याने गिरणी कामगार त्याबाहेरच राहिला. म्हणून जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. मद्रासच्या उच्च न्यायालयाने १९२० मध्ये कामगार पुढाऱ्यांना मनाई केली होती. त्यानंतर संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला. तो कायदा १९२६ मध्ये झाला.

त्यांच्या नेमस्तपणावर टीका झाली. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपात ते साम्यवाद्यांसमवेत संयुक्त संपसमितीत बसले. पुढच्याच वर्षी नागपूरला मात्र आयटक फुटली आणि ते बाहेर पडले. तरीही १९४० मध्ये ऐक्य झाल्यावर सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडेच आले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा प्रत्येक प्रौढ मजुराच्या हाती मत आलेले होते.

आष्टीच्या ऊसतोड कामगाराची स्थिती नेमकी उलट आहे. त्याच्यापाशी मत आहे, परंतु कायद्याचे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गिरणी कामगाराचे नाव हजेरीपटावर होते. येथे नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो, मजुरी टनावर ठरते आणि कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी होतो. फडात अपघात झाला तर मालक कोण, येथूनच वाद सुरू होतो. राज्यात या कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले, हे योग्यच झाले. मात्र सेवेकडून हक्काकडे जाण्यास जोशींना गिरणीचा हजेरीपट उपयोगी पडला होता. कारखान्याच्या दफ्तरी पतीची आणि पत्नीची स्वतंत्र नोंद, ही आष्टीच्या मतदाराने प्रत्येक उमेदवाराकडे करावयाची पहिली मागणी आहे.