हेलियम खरंच विजयदुर्गावर सापडला? लॉकियर साहेबाची गोष्ट

१८ ऑगस्ट आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरलेला असतो. १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असा. मी मालवणचा, विजयदुर्ग आमच्याच जिल्ह्यातला. त्यामुळे हा फॉरवर्ड मी स्वतः किती जणांना पाठवलाय त्याची मोजदाद नाही. एकदा ऑफिसात जेवताना हीच गोष्ट छाती फुगवून सांगितली, तर एका सहकाऱ्याने सहज विचारलं, त्या दिवशी लॉकियर भारतात होता का? उत्तर माहीत नव्हतं. रात्री शोधत बसलो. नव्हता! तो इंग्लंडमध्ये होता.

मग हा माणूस नेमका कोण? जन्म १८३६, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. विद्यापीठाची पदवी नाही. दिवसा युद्ध खात्यात कारकुनी आणि रात्री घरच्या दुर्बिणीतून आकाश. पुढे १८६९ मध्ये याच कारकुनाने 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलं आणि तब्बल ५० वर्षं त्याचं संपादन केलं. आज ज्यात पेपर छापून आला की बातमी होते, तेच हे 'नेचर'.

सूर्याच्या कडेला ज्वाळा उसळतात. तेव्हा त्या फक्त खग्रास ग्रहणातच दिसायच्या. लॉकियरला १८६६ च्या सुमारास वाटलं, स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारं यंत्र चांगलं असेल तर ग्रहणाची वाटच बघायला नको. यंत्र बनवायला दिलं, ते हातात यायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण होऊन गेलं. ते बघायला फ्रान्सचा जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आला होता, एक इंग्रज तुकडी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातही होती. जान्सेनला दुसऱ्याच दिवशी ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसल्या. लॉकियरला घरी २० ऑक्टोबरला दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. श्रेय दोघांना मिळालं, पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं.

आता खरी गंमत. ज्वाळेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते ना, तो सोडियमचा रंग. भारतातल्या ग्रहणात ही रेषा दिसलेल्या बऱ्याच जणांनी ती सोडियमचीच धरली. पण लॉकियरने मोजलं तर जागा जुळेना. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा! तो मोजमापातली चूक म्हणून सोडून देता आला असता. त्याने रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडसोबत प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली तपासला, म्हणजे आपण बग रिप्रोड्यूस करायला बघतो तसं. रेषा उमटली नाही. मग हे नवीनच मूलद्रव्य असावं असा अंदाज. ग्रीक हेलिओसवरून, म्हणजे सूर्यावरून, नाव पडलं हेलियम.

लोकांनी मानलं का? अनेकांनी नाही. मेंडेलीवलाही ते पटलं नव्हतं. पृथ्वीवर ज्याचा एक कणही सापडला नाही ते मूलद्रव्य कसं मानायचं, ही शंका मला तरी रास्त वाटते. १८९५ मध्ये रामसेने युरेनियमच्या एका खनिजातून गॅस काढला, त्यात तीच रेषा निघाली. लॉकियरने दुसऱ्याच्या निकालावर न थांबता तसंच खनिज स्वतः तापवून गॅस काढला. मधे २७ वर्षं गेली होती.

प्रत्येक वेळी तो बरोबर होता असं नाही हं. अतितप्त ताऱ्यांमध्ये मूलद्रव्यांचे आणखी साधे घटक सुटे होतात, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. रेषा बदलतात हे त्याचं निरीक्षण खरं होतं, पण कारण वेगळं निघालं. अणू इलेक्ट्रॉन गमावतो म्हणून रेषा बदलतात, आणि इलेक्ट्रॉन सापडायच्या आधीच त्याने सिद्धांत मांडून ठेवला होता.

आणि विजयदुर्ग? तिथे तो आला, नक्की आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. वय एकसष्ट, आदल्याच वर्षी 'सर' झालेला. ब्रिटिश नौदलाच्या 'मेल्पोमिनी' जहाजावरचे खलाशी मदतीला होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यासाठी एवढा तळ ठोकला. किल्ल्यावरचे चौथरे आजही साहेबाच्या नावाने ओळखले जातात. हेलियम तोवर बाटलीत आला होता. लॉकियर १९२० मध्ये गेला, तोही ऑगस्टमध्येच, १६ तारखेला.

यंदा फॉरवर्ड आला तेव्हा मी खाली हे सगळं तारखांसकट टाकलं. पाच मिनिटांत बाबांचा मेसेज आला, याला पुरावा काय म्हणून. इतकी वर्षं पहिल्या फॉरवर्डला हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, आणि मीही नाही. १८९८ च्या मोहिमेच्या अहवालाची लिंक पाठवली आहे. अजून निळी टिक आलेली नाही.