डॉ. जोसे गर्सन द कुन्हा यांचें अल्पचरित्र

सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस नाण्यांची माळ अपरिचित नाहीं. पावरा व भिल्ल भगिनींच्या गळ्यांत राणी व्हिक्टोरियाच्या छापाचे रुपये आपण पाहिलेले आहेत. ते सोनाराच्या मुशींत गेले म्हणजे चांदी तेवढी उरते. राजाचें नांव व साल नाहींशीं होतात. हीं पुसट अक्षरें वाचण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या एका डॉक्टरांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गर्सन द कुन्हा यांचा जन्म १८४४ सालीं गोमंतकांत, बारदेशांतील हडफडें गांवीं एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. वैद्यकीचें शिक्षण त्यांनीं मुंबईस व विलायतेंत घेतलें आणि मुंबईसच व्यवसाय मांडिला. चौल व वसई यांचा इतिहास त्यांनीं लिहिला. १८७७ सालीं तर संस्कृत सह्याद्रिखंडही संपादून छापिलें.

सिंहलद्वीपाकडे त्यांचें लक्ष बुद्धाच्या दंतामुळें वळलें. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७५ सालचा. १५६० सालीं पोर्तुगीजांच्या स्वारींत जाफना येथें एक दांत हातीं लागला. तो बुद्धाचा मानून पेगूच्या राजानें त्यासाठीं अपार धन देऊं केलें. खजिन्यास पैशाची निकड होती. तथापि धर्माधिकाऱ्यांच्या आग्रहावरून गोव्यांत तो खलांत कुटून, जाळून, त्याची राख नदींत टाकण्यांत आली. खरा दांत कँडी येथें सुरक्षित आहे, अशी बौद्धांची श्रद्धा आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती असूनही, किंबहुना म्हणूनच, हा प्रसंग वाचतांना आम्हांस संकोच वाटतो.

पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ १८८० सालीं निघाला. गोव्याच्या कांहीं नाण्यांवर चक्र दिसतें तें कां? शहर २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं पडलें, आणि चक्र हें तिचें चिन्ह! अशा खुणांतून एक अख्खी राजवट बोलूं लागते. सिंहलद्वीपांत तर रुप्याची तार वांकवून मासे धरण्याच्या गळासारखें केलेलें नाणें चाले. त्यास लारी म्हणत. इराणांतील लार शहरावरून हें नांव पडलें. आपल्या कोंकणांतही लारी चालत असे, आणि विजापूरच्या अली आदिलशहाच्या नांवाच्या लाऱ्या आढळल्या आहेत. ज्या बेटावर ही तार चालली, तेथें पोर्तुगीज गेले, १६५६ त डच कोलंबोचे धनी झाले, १७९६ त इंग्रज आले. १९४८ त बेट स्वतंत्र झालें. प्रत्येक धन्यानें आपलें नाणें चालविलें.

डॉक्टरांनीं आपल्या संग्रहाची यादी १८८८-८९ सालीं छापून काढिली. पेटींत कुलूप लावून ठेवण्यापेक्षां हें अधिक, असें आमचें मत आहे. कारण नाणें हरवलें तरी त्याची नोंद राहते. मुंबईच्या उगमावरील त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ १९०० सालीं निघाला. तीही एके काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बेटेंच होतीं. त्याच वर्षीं मुंबईंत त्यांचा अंत झाला.