संत थॉमस अक्वायनस : श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ

दरवर्षी २८ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस अक्वायनस यांचा सण साजरा करते. कॅथलिक शाळा-कॉलेजांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ख्रिस्तजन्माच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडिताकडून ते किती शिकले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

इटलीतील अक्विनोजवळ रोक्कासेक्का येथे १२२५ च्या सुमारास एका सरदार घराण्यात थॉमस यांचा जन्म झाला. नेपल्सच्या विद्यापीठात त्यांना ॲरिस्टॉटलच्या विचारांची गोडी लागली, आणि तेथेच डॉमिनिकन संघाची ओढही. भिक्षेवर जगणाऱ्या संघात मुलाने जावे हे घरच्यांना रुचले नाही. भावांनी त्यांना वाटेत पकडून सुमारे वर्षभर घरी डांबून ठेवले. थॉमस डगमगले नाहीत. पुढे ते थोर संत आल्बर्ट यांचे शिष्य झाले. अबोल, धिप्पाड थॉमसना सोबती मुका बैल म्हणून चिडवत.

ॲरिस्टॉटलचे बरेच ग्रंथ तेव्हा पश्चिम युरोपात नव्यानेच आले होते. काही अरबी भाषेतून, मुस्लिम पंडितांच्या भाष्यांसह. त्यांनी श्रद्धा डळमळेल या भीतीने १२१० साली पॅरिसमध्ये त्यांतील निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यास बंदी घातली गेली. थॉमस यांनी मात्र हे ग्रंथ बारकाईने अभ्यासले. सत्य कोठूनही येवो, त्याचा उगम परमेश्वरच, ही त्यांची धारणा होती. जे पटले ते त्यांनी घेतले. जगाला आरंभच नाही, हे ॲरिस्टॉटलचे मत मात्र त्यांनी नाकारले.

१२६५ च्या सुमारास त्यांनी आपला महाग्रंथ ‘सुम्मा थिऑलॉजिए’ लिहायला घेतला. त्यात प्रत्येक मुद्द्यावर आधी विरोधी मते मांडली आहेत आणि मग उत्तर दिले आहे. मिस्सात भाकरीचा रंग, चव तशीच राहते, पण तिचे मूळ तत्त्व बदलून ती ख्रिस्तशरीर होते, हे समजावताना त्यांनी ॲरिस्टॉटलच्याच संज्ञा वापरल्या.

डिसेंबर १२७३ मध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना असा काही अनुभव आला, की त्यांनी लेखणी खाली ठेवली. ग्रंथ अपुराच राहिला. ७ मार्च १२७४ रोजी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील काही थॉमस यांच्या विचारांनाही झळ लावणारी होती. तरीही १३२३ साली ते संत घोषित झाले, १५६७ साली ख्रिस्तसभेचे धर्मपंडित ठरले. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा व बुद्धी यांवरील आपल्या परिपत्रकात त्यांचा खास गौरव केला.

आज आपली मुले विज्ञान शिकतात आणि घरी येऊन अवघड प्रश्न विचारतात. आपण पुष्कळदा त्यांना गप्प बसवतो. थॉमस यांनी आधी प्रश्न पूर्ण ऐकून घेतला असता. त्यांच्या मध्यस्थीने आपल्यालाही तो धीर लाभावा, अशी प्रार्थना करू या.