भारत मोजायला निघालेला माणूस

ट्रेकला वाट चुकली की तुम्ही काय करता? फोन काढता, मॅप उघडता. निळा ठिपका सांगतो, तुम्ही इथे आहात. आता दोनशे वर्षं मागे जा. तेव्हाही भारताचे नकाशे होते, पण ढोबळ. हा देश नेमका किती रुंद आहे, हे खात्रीने कुणीच सांगू शकत नव्हतं. ते मोजायला एक माणूस निघाला आणि त्याचा प्रवास संपला आपल्या विदर्भात. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या गरीब घरातला हा मुलगा. गणितात हुशार. सैन्यात भरती होऊन तो अमेरिकेत गेला. तिथे सूर्यग्रहण बघताना त्याचा एक डोळा अधू झाला. भारतात आला तेव्हा चाळिशी उलटलेली. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत रात्रीच्या अंधारात इंग्रजांची तुकडी भलत्याच दिशेला, थेट शत्रूकडे निघाली होती. ती चूक लॅम्बटनने ताऱ्यांवरून ओळखली.

त्याचं खरं काम सुरू झालं १८०२ मध्ये, मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ. शंभर फुटी पोलादी साखळीने त्याने जमिनीवर फक्त एक सरळ रेघ मोजली. सुमारे बारा किलोमीटरची रेघ, आणि लागले ५७ दिवस! एवढे का? उन्हात पोलाद प्रसरण पावतं, म्हणून प्रत्येक वेळी तापमानाचा हिशेब ठेवावा लागे. पुढचं गणित तुम्ही शाळेत केलंय. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू काढता येतात. मग त्यातल्या एका बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. डोंगरमाथ्यांवरून, देवळांच्या शिखरांवरून हे जाळं पसरत गेलं. मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचल्यावर कळलं, नकाशातलं ४०० मैलांचं अंतर प्रत्यक्षात ३६० मैलच आहे. चाळीस मैल जमीन फक्त कागदावरच होती.

कोन मोजायचा थिओडोलाइट जवळजवळ अर्धा टन वजनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्राचा चेंदामेंदा झाला. दुसरं मागवायचं तर इंग्लंडहून जहाजाने येणार. लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे स्वतः ठोकठाक केली आणि तेच यंत्र पुन्हा चालू केलं.

पण हे सगळं नुसतं विज्ञानप्रेम समजू नका. लॅम्बटनला पृथ्वीचा आकार शोधायचा होता, कंपनी सरकारला मात्र राज्य करायला नकाशा हवा होता. नकाशा आला की सैन्य हलवणं सोपं, महसूल वसूल करणं सोपं. आणि ते अवजड यंत्र डोंगरावर वाहून नेणारे, जंगलात तापाने मरणारे खलाशी आपलेच होते. त्यांची नावं कुठल्याही नकाशावर नाहीत.

१८१८ मध्ये लॅम्बटनच्या हाताखाली एक तरुण साहाय्यक आला, जॉर्ज एव्हरेस्ट. पाच वर्षांनी, २० जानेवारी १८२३ ला, नागपूरकडे जाताना हिंगणघाटला लॅम्बटन वारला. वय सत्तरच्या आसपास. तोवर त्रिकोणांची साखळी दक्षिण टोकापासून मध्य भारतापर्यंत आली होती. एव्हरेस्टने ती हिमालयाच्या पायथ्याशी नेली, एकूण सुमारे २४०० किलोमीटर. याच जाळ्याच्या आधाराने पुढे जगातल्या सर्वोच्च शिखराची उंची निघाली. त्या गणितांत राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. सिकदर आणि लॅम्बटन स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या प्रश्नापुरते उरले.

लॅम्बटनची कबर आजही हिंगणघाटला आहे. वर्ध्याहून चेन्नईकडे जाणारी गाडी याच गावावरून जाते. पुढच्या वेळी त्या गाडीत असाल तर मॅपवर बोटाने ते अंतर मोजून बघा. तुम्हाला एक सेकंद लागेल. त्याला वीस वर्षं लागली होती.