मळ्यातील महात्मा

पुणे शहराच्या मध्यभागी अष्टकोनी मनोऱ्याची एक भव्य दगडी इमारत आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी, मुळे यांचे ढीग तेथे लागतात. ही भाजीमंडई १८८६ साली उभी राहिली. आज तिला ज्यांचे नाव आहे, त्यांनीच ती बांधण्यास विरोध केला होता! ते थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी माळी कुटुंबात झाला. वडील गोविंदराव फुले व भाजीपाला यांचा धंदा करीत. जोतीरावांच्या आईचे छत्र बालपणीच हरपले. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. हाती पाटीऐवजी खुरपे आले. पुढे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले. तेव्हा १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. विद्येवाचून माणसाचे केवढे नुकसान होते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

मातीशी असलेले नाते मात्र त्यांनी सोडले नाही. मांजरी येथे त्यांची शेती होती. नव्या कालव्याचे पाणी घेण्यास शेतकरी कचरत होते, तेव्हा जोतीरावांनी स्वतः बागायत करून दाखविली. १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी पाणी व कसदार माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालण्याचा उपाय सांगितला. उत्तम पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असेही सुचविले.

१८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. त्या काळी भाजी विकणारे शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसत. त्यांच्यासाठी मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचे ठरू लागले. जोतीराव तर माळ्याचे पुत्र. त्यांना आनंदच व्हावयास हवा होता. परंतु शिक्षणाला पैसा अपुरा पडत असता इमारतीवर एवढा खर्च करणे त्यांना पटले नाही. हरी रावजी चिपळूणकर यांनी त्यांना साथ दिली. तरीही मंडई झाली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईस महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या मुलांसाठी ते भांडले, त्या कष्टकऱ्यांच्या मालावर आज त्यांच्याच नावाचे छत्र आहे.